जोत्याआधीचा कायदा

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

उन्हाळ्याच्या अखेरीस आपल्या गोव्यातील कोणत्याही गावाच्या कडेने गेलात, तर एक दृश्य बहुधा आपल्या नजरेस पडेल. डोंगर कापून काढलेल्या तांबड्या मातीने भरलेले ट्रक येतात आणि सखल शेताच्या एका कोपऱ्यात रिते होतात. चार दिवसांनी तेथे एक पत्र्याची खोपी उभी राहते, मग कुंपण येते. येणारेजाणारे हे सारे पाहतात. कोणी म्हणतो, त्याची जमीन, त्याचा पैसा, आपल्याला काय करायचे? कोणी म्हणतो, परवानगी घेतली असेलच. आणि मग जून उजाडतो. आजवर जे पाणी त्या शेतात निवांत साचून हळूहळू ओसरत असे, ते आता वाट शोधीत पलीकडच्या घराच्या पडवीत शिरते. तेव्हा त्या घरचा माणूस पंचायतीत धावतो. परंतु तोवर जोते बांधून झालेले असते, भिंती छातीइतक्या आलेल्या असतात, आणि प्रकरण कायद्याचे न राहता दयेचे, ओळखीचे आणि तारखांचे झालेले असते.

कोणत्या जागेचा कोणता उपयोग करावा हे ठरवणारे नियम, ज्यांना आपण सारे सरसकट ‘झोन’ म्हणतो, ते कसे चालतात आणि कोठे अडतात, याविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे. विषय रूक्ष वाटेल; पण पडवीत शिरलेले पाणी रूक्ष नसते.

‘झोन’ हा शब्द नवा असला तरी त्यामागील विचार आपल्या गावांना परका नाही. आपली खाजन जमीनच पाहा. खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली ही शेते. भरतीला दार लागावे व ओहोटीला उघडावे म्हणून बांधात बसवलेली मानस. या साऱ्याची देखरेख गावकारी करीत असे. बांध कोणी फोडायचा नाही, पाण्याची वाट कोणी अडवायची नाही, घरे उंचवट्यावर बांधायची आणि सखल भाग भाताला व पाण्याला सोडायचा, ही त्या व्यवस्थेची रीत. गावकाऱ्यांचे रीतिरिवाज पोर्तुगीज अंमलात १५२६ च्या ‘फोराल’मध्ये लिहून काढले गेले, रीत स्वतः त्याहून जुनी. त्या काळी रंगवलेला नकाशा नव्हता. परंतु एकाने बांध फोडला तर दहांचे पीक बुडते, हे सर्वांना दिसत होते. म्हणून नियम पाळला जाई.

शहरे वाढली आणि हे परस्परावलंबन डोळ्यांआड गेले. ते पुन्हा कायद्याने सांगावे लागले. न्यूयॉर्क शहरात अवाढव्य इमारतींनी शेजारच्या रस्त्यांचा व घरांचा उजेड हिरावला, तेव्हा १९१६ साली त्या नगरीने साऱ्या शहराचे विभाग पाडून कोठे काय व किती उंच बांधावे हे ठरवले. पुढे १९२६ साली ओहायो राज्यातील युक्लिड नावाच्या छोट्या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा विभागणीला मान्यता दिली. आपल्याकडे मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ सालीच झाला होता. तत्त्व सगळीकडे एकच आहे. जमीन माझी असली तरी तिच्यावरून वाहणारे पाणी, तिच्यावरून जाणारा वारा आणि तिच्यासमोरचा रस्ता केवळ माझा नसतो.

गोव्यात हे तत्त्व १९७४ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याने आले. त्या कायद्याखालचा पहिला प्रादेशिक आराखडा १९८६ साली लागू झाला. तो २००१ पर्यंतच्या काळासाठी होता. त्यानंतरच्या, २०११ पर्यंतच्या आराखड्याची कथा आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. तो २००६ साली अधिसूचित झाला. डोंगर आणि बागायती वस्तीसाठी मोकळ्या केल्या गेल्याचे ध्यानात येताच लोक रस्त्यावर आले, आणि २००७ च्या आरंभी तो मागे घ्यावा लागला. पुढचा, २०२१ पर्यंतचा आराखडा करण्यासाठी नेमलेल्या कृतिदलाचे प्रमुख विख्यात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया हे होते. त्याचे मसुदे गावोगावी दाखवले गेले, पंचायतींची मते मागवली गेली. तो २०११ साली जाहीर झाला, २०१२ साली स्थगित झाला आणि २०१८ साली पुन्हा अमलात आला. नकाशावरील एका रेघेसाठी एवढा खटाटोप का व्हावा? कारण रेघेच्या अलीकडे जमिनीला एक भाव, पलीकडे दुसरा. वस्तीच्या विभागात, म्हणजे ‘सेटलमेंट’मध्ये, घर बांधता येते, बागायतीच्या विभागात फार तर शेतघर, आणि तेही किमान ४,००० चौरस मीटरचा भूखंड असेल तरच. भातशेती, खाजन, तीव्र उतार येथे बांधकामाला मज्जाव. रेघ हलली की भाव हलतो, आणि भाव हलणार म्हटले की रेघ हलवू पाहणारे हात पुढे येतात.

आता परवानग्यांची साखळी कशी असते ते पाहू. कारण सामान्य माणसाचा गोंधळ येथेच होतो. एखाद्याच्या हाती एक कागद येतो आणि त्याला वाटते, झाले, काम फत्ते. वस्तुतः प्रत्येक कागद वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. ‘एक-चौदा’चा उतारा जमीन कोणाच्या नावावर आहे, कूळ कोण आहे व पीक कोणते, हे सांगतो, तेथे घर बांधता येईल की नाही याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. विभाग कोणता, हे नियोजन खात्याचा दाखला सांगतो. शेतजमिनीचा उपयोग बदलायचा तर १९६८ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे सनद घ्यावी लागते. नकाशा नियमांत बसतो की नाही याची तांत्रिक मंजुरी नियोजन खात्याची. बांधकामाचा परवाना गावात पंचायतीचा, शहरात नगरपालिकेचा. किनाऱ्यालगत वा खाडीलगत जमीन असेल, तर किनारी नियमनाची वेगळी अनुमती. आणि घर पुरे झाल्यावर, जे मंजूर झाले तेच बांधले गेले याची खात्री करून मिळणारा वास्तव्याचा दाखला.

डोंगर कापणे आणि सखल भाग भरणे यांनाही परवानगी लागते. नियोजन कायद्याचे १७अ हे कलम खास त्यासाठीच आहे. यामागचा हिशेब अगदी शाळकरी आहे. ४,००० चौरस मीटर सखल जमिनीवर एक मीटर उंचीचा भराव घातला, तर ४,००० घनमीटर, म्हणजे चाळीस लाख लिटर पाणी मावण्याची जागा नाहीशी झाली. पाऊस मात्र तितकाच पडायचा. ते चाळीस लाख लिटर पाणी कोणाकडे तरी जाणारच, आणि ज्याच्याकडे जाईल त्याची सही त्या भरावाच्या अर्जावर नसते. वरच्या सड्याचेही तसेच आहे. जांभ्यात मुरलेले पाणी पायथ्याच्या झरीला येते. डोंगराची कूस कापली की झर आटते, आणि कापणारा व तहानलेला यांची गाठही पडत नाही. शेजाऱ्यांनी एकमेकांना दिलेला शब्द, एवढाच विभागणीच्या नियमाचा अर्थ आहे. फक्त तो शब्द सरकारच्या दप्तरात लिहून ठेवलेला असतो.

मग हा शब्द मोडतो कसा? उत्तर असे की, नियम लिहिण्यासाठी आपण खाती उभारली, पण नियम रोज पाहणारा डोळा उभारला नाही. गावात काय चालले आहे ते राजधानीतील अधिकाऱ्याला दिसत नाही. ज्या पंचाला दिसते त्याला त्याच माणसांकडून मते घ्यायची असतात, आणि त्यांच्याच लग्नाला जायचे असते. त्यामुळे अंमलबजावणी बहुतांशी तक्रारीची वाट पाहत बसते. तक्रार आली की पाहणी, पाहणीनंतर कारणे दाखवा नोटीस, तिला उत्तर, मग काम थांबवण्याचा आदेश, मग पाडण्याचा आदेश, त्यावर अपील, अपिलात स्थगिती. यांतली प्रत्येक पायरी न्याय्य आहे, कारण ऐकून घेतल्याखेरीज कोणाचे घर पाडू नये. परंतु प्रत्येक पायरीला वेळ लागतो, आणि या काळात गवंडी काही स्वस्थ बसत नाही.

केरळातील कोची शहराजवळच्या मरडू येथील प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. तेथे किनारी नियमनाच्या क्षेत्रात स्थानिक पंचायतीने २००६ च्या सुमारास मोठमोठ्या सदनिकांच्या संकुलांना परवाने दिले. किनारी प्राधिकरणाची संमती घेतली नव्हती. चूक लवकरच ध्यानात आली आणि नोटिसा निघाल्या. बांधकाम करणारे उच्च न्यायालयात गेले, त्यांना स्थगिती मिळाली, आणि तिच्या आश्रयाने इमारती उभ्या राहिल्या. सदनिका विकल्या गेल्या, लोक राहायला आले, मुले शाळेत जाऊ लागली. ८ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. ११ आणि १२ जानेवारी २०२० या दोन दिवसांत चार संकुले स्फोटकांनी जमीनदोस्त झाली. प्रत्येक सदनिकाधारकाला २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई द्यावी असे न्यायालयाने म्हटले होते. पण उठवलेला संसार भरपाईने पुन्हा बसतोच असे नाही. कायदा शेवटी जिंकला खरा, पण तेरा वर्षे उशिरा. जे काम जोत्याच्या वेळी एका नोटिशीने व्हायचे, त्याला स्फोटके लागली. ज्यांनी परवाने दिले आणि ज्यांनी बांधले, त्यांच्याहून अधिक मोल मोजले ते घर विकत घेणाऱ्यांनी.

हे ऐकून कोणी म्हणेल, सामान्य रहिवाशाने यात काय करावे? त्याला अधिकार तरी कोणता? याचे उत्तर आपल्या शेजारच्या कर्नाटकातील उडुपी येथील एका खटल्याने १९७४ सालीच दिले आहे. तेथील एका वस्तीच्या भागात नगररचना योजना लागू होती. एका गृहस्थाला तेथे कल्याणमंटप व व्याख्यानगृह बांधण्यास परवानगी मिळाली होती. पुढे त्याच जागी सिनेमागृह करण्यास नगरपालिकेने संमती दिली. योजनेत सिनेमागृहाला मुभा नव्हती. त्या भागातील एक रहिवासी न्यायालयात गेला. विरुद्ध बाजूचे म्हणणे असे, की इमारतीवर आता लाखो रुपये खर्च झाले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी निःसंदिग्धपणे सांगितल्या. पहिली अशी, की योजना रहिवाशांच्या हितासाठी असते. म्हणून ती मोडली जात असता दाद मागण्याचा अधिकार रहिवाशाला आहे. दुसरी अशी, की नगरपालिकेला जो अधिकारच नाही, तो कोणी पैसे खर्च केले म्हणून किंवा लोक गप्प राहिले म्हणून तिला प्राप्त होत नाही. पुढे १९९१ साली बंगळूरमधील एका प्रकरणात, उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय असाच रहिवाशांच्या तक्रारीवरून टिकला नाही. रुग्णालय हे चांगलेच काम. पण मुलांच्या खेळण्याची जागा देऊन ते विकत घ्यायचे नाही, असा त्या निकालाचा आशय.

नियम मोडण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो अधिक सभ्य दिसतो. त्यात नियम मोडला जात नाही. एका अर्जदारापुरता तो बदलून घेतला जातो. गोव्यात २०१८ साली नियोजन कायद्यात १६ब हे कलम आले, २०२३ साली १७(२), आणि २०२४ साली ३९अ. या तरतुदींनी एकेका भूखंडाचा विभाग बदलण्याच्या वाटा उघडल्या. त्यांचे समर्थक म्हणतात, आराखड्यात चुका राहिल्या आहेत. जेथे पिढ्यान्‌पिढ्या घर आहे तेथे नकाशात बागायत दाखवली, तर त्या माणसाने काय करायचे? हे म्हणणे पोकळ नाही. अशा चुका आहेत आणि त्या दुरुस्त व्हायलाच हव्यात. परंतु चूक दुरुस्त करणे वेगळे आणि चुकीच्या नावाखाली आराखडाच तुकड्यातुकड्याने फिरवणे वेगळे. १७(२) कलमाखाली केलेले नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्दबातल ठरवले, त्याच्या मुळाशी हाच भेद होता. आराखडा हा साऱ्या प्रदेशाचा एकत्र विचार असतो. त्यातील भूखंड एकेक करून बाजूला काढले, तर नकाशा भिंतीवर टांगलेला राहतो आणि विचार मात्र निघून जातो.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळतो. बेकायदा घर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धनिकाचा बंगला येतो. पण ज्याला सेटलमेंटमधला भूखंड परवडत नाही, ज्याच्या वडिलोपार्जित घरात चार भावांचे संसार झाले, जमिनीची वाटणी न झाल्याने ज्याला परवाना मिळत नाही, तोही परसात एक खोली वाढवतो, आणि तीही बेकायदाच असते. दोघांना एकच माप लावणे हे दिसायला समान असले तरी न्यायाचे नाही. सरकारने २०१६ साली अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा कायदा केला. २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीच्या बांधकामांना त्याचा लाभ होता. वनक्षेत्र, किनारी नियमन क्षेत्र अशा काही जागा त्यातून वगळल्या होत्या. अडलेल्या माणसाला अशी एक वाट द्यावी लागते हे खरे. पण वाट वारंवार उघडू लागली की नियम पाळणारा मूर्ख ठरतो. ज्याने वर्षभर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून परवाना घेतला, त्याने शेजाऱ्याचे बिनपरवाना घर नियमित होताना पाहून कोणता धडा घ्यावा? म्हणून मला वाटते, दयेची जागा नियमाच्या आत असावी. लहान घराला, वाढत्या कुटुंबाला परवाना सुलभ व स्वस्त करा, म्हणजे नंतर माफी देण्याची वेळ येणार नाही.

पाडण्याच्या बाबतीतही घाई हे शौर्य नव्हे. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पंधरा दिवसांची नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी दिल्याखेरीज घर पाडता येणार नाही. रस्ता, पदपथ, नदी अशा सार्वजनिक जागांवरील अतिक्रमणे मात्र यातून वगळली. पुढच्याच महिन्यात, १७ डिसेंबर २०२४ रोजी, त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही स्पष्ट केली. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावलेला असावा, वास्तव्याचा दाखला मिळाल्यावरच वीज व पाणी जोडावे, बँकांनी तो दाखला पाहूनच कर्ज द्यावे, आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई व्हावी. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले म्हणजे एकच सूत्र हाती येते: उभे घर पाडताना शंभरदा विचार करा, म्हणून ते उभे राहण्यापूर्वीच जागे व्हा.

श्रोतेहो, सूत्र कळले तरी करायचे कोणी? आपणच. आणि त्याला फार विद्वत्ता लागत नाही. गावात भराव पडू लागला किंवा डोंगर कापला जाऊ लागला, तर प्रथम त्या जागेचा सर्व्हे नंबर समजून घ्या. तो नंबर कोणत्या विभागात येतो, हे नियोजन खात्यात विचारा. परवाना दिला आहे काय, असे पंचायतीला लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी बोलण्याला कचेरीत आठवण नसते. उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहितीच्या अधिकाराचा कायदा आपल्या हाती आहे. मग तारीख घातलेली छायाचित्रे जोडून तक्रार करा. पंचायतीने हयगय केली तर वरच्या अधिकाऱ्याकडे जा. ग्रामसभेत प्रश्न विचारा, पण व्यक्तीवर घसरू नका. नंबर, विभाग आणि परवाना या तीन शब्दांवर ठाम राहा. शक्य तर एकट्याने जाऊ नका. दहा सह्यांचा अर्ज हे वैर मानले जात नाही, एका सहीचा मात्र मानला जातो. आणि स्वतः जागा घेत असाल, तर विक्रेत्याच्या शब्दावर न जाता आधी सांगितलेला प्रत्येक कागद स्वतः पाहा. मरडूच्या रहिवाशांचे दुःख हेच होते, की तो प्रश्न कोणीतरी विचारलाच असेल, असे सर्वांना वाटले होते.

आता त्या आरंभीच्या दृश्याकडे पुन्हा एकदा पाहा. शेताच्या कोपऱ्यात मातीचा पहिला ट्रक रिता झाला आहे. अजून जोते नाही, भिंत नाही, कर्ज नाही, कोणाचा संसार तेथे मांडलेला नाही. या घटकेला एक साधा प्रश्न विचारला, तर कोणाचेही नुकसान न होता सारे मिटते. कदाचित त्या जमीनमालकाचेही भलेच होते. हाच प्रश्न वर्षभराने विचारला, तर कोणाचे ना कोणाचे घर बुडणार, पाण्यात तरी नाहीतर निकालात तरी. जुन्या गावकारीत बांधाला पहिली भेग दिसताच हाकारा होई. बांध फुटण्याची वाट कोणी पाहत नसे. तेवढी हाक देण्याची सवय आपण पुन्हा लावून घेतली, तर कायद्याची पुस्तके न वाचताही आपण त्याचे चांगले रक्षणकर्ते होऊ.